नीरफणसाचा जामीन

मी, धनेश दौलत राऊळ, वय सव्वीस, काम जहाजांना रंग मारणे, कायमचा पत्ता सोनू मेस्त्री चाळ, तळमजला, चिंचपोकळी पूर्व, मुंबई, आणि सध्या मुक्काम ओमान देशात समुद्रकाठचा लेबर कॅम्प, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. ताप नाही, दारू नाही. कोणी मानगुटीवर बसून लिहून घेत नाही. उलट खोलीतले दोघेजण लिहू नको म्हणत होते, अपशकुन होतो म्हणून.

सव्वीस वर्षांच्या माणसाला मृत्युपत्र कशाला, असं आईने विचारलं. कारण असं की आमच्या खोलीतला देवगडचा भिवा मागच्या महिन्यात झोपेतच गेला. माणूस तब्येतीने चांगला होता. त्याची पेटी उघडली तर दोन कोऱ्या साड्या निघाल्या. एक बायकोची हे उघड होतं. दुसरी कोणाची, ते भिवाला ठाऊक. गावी त्या दुसऱ्या साडीवरून अजून बोलणं चालू आहे असं ऐकतो. भिवाने एक ओळ लिहून ठेवली असती तर त्या बाईला साडी मिळाली असती आणि बायकोला झोप.

कागद कसा करायचा ते मला अप्पांनी फोनवर सांगितलं. अप्पा आमच्या चाळीत पहिल्या माळ्यावर राहतात. मूळचे गिरगावचे, फोर्टात सॉलिसिटरकडे जन्मभर कारकून होते, चाळीतले सगळे अर्ज तेच लिहितात. ते म्हणाले, "हे बघ धनेश, वस्तू लिहायची, नाव लिहायचं, पुढे जायचं. कारण लिहायचं नाही. कारण लिहिलंस की त्या कारणावर वाद सुरू होतो. हा निबंध नव्हे."

"शाळेत तरी कुठे निबंध लिहिला, अप्पा."

"म्हणूनच आधी सांगून ठेवतोय."

अप्पांचा मान ठेवून सांगतो, मी कारणं लिहिणार आहे. वाद झाला तर होऊ दे. वादात निदान माझं नाव तरी निघेल.

कलम १. याआधीचं मृत्युपत्र. आठवीत गणिताच्या पेपराला मी उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर एक मृत्युपत्र लिहिलं होतं. त्यात सायकल माझ्या बाकावरच्या अभिषेकला दिली होती. पुढे सायकल करी रोडच्या पुलाखालून चोरीला गेली आणि अभिषेक डोंबिवलीला गेला. ते मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम २. खोली. खोली माझी नाही म्हणून देत नाही. पागडीची आहे, आजोबांकडून आईच्या नावावर आली. तिच्यात माझं म्हणाल तर मोरीच्या वरची एक फळी आहे, मी लावलेली. ती तिरकी आहे. ती सरळ करायला कोणी जाऊ नये. आईचा हात त्या खालच्या टोकापर्यंतच पोचतो.

कलम ३. बँकेतले पैसे. जे काही निघतील ते माझी आई दुर्गा दौलत राऊळ हिला. फक्त कलम ८ मधला खर्च त्यातून आधी काढावा. आईने ते माझ्या तेराव्यावर उडवू नयेत. मंडप घालू नये. मी दोन गणपती लालबागला मंडपवाल्याकडे बांबू बांधलेत, कापडात पैसा कसा जातो ते मला ठाऊक आहे. त्याऐवजी तिने गुडघा दाखवून घ्यावा. "दुखतो पण चालतो" हे डॉक्टरला सांगायचं कारण नाही, ते मला सांगून झालेलं आहे.

कलम ४. हत्यारं. रंगाची गन, मास्क, पट्टा, सगळं कंपनीचं. माझे स्वतःचे म्हणजे गंज खरवडायचे चार स्क्रॅपर आणि एक डोक्याला लावायची बत्ती. ते ज्याला हवे त्याने घ्यावेत. फक्त सही करणारे दोन साक्षीदार सोडून. साक्षीदाराला काही देऊ नये, उगाच संशय येतो, असं अप्पांचं म्हणणं आहे. म्हणून ज्या दोघांनी मला इथे जगवलं त्यांनाच काही देता येत नाही. कायदा आहे म्हणे.

हत्यारांवरून आठवलं, कोणी म्हणेल की या पोराने एक धंदा धरला नाही. खरं आहे. कुरियर केलं, केटरिंगला वाढपी होतो, मंडप केला, लोअर परळला काचेच्या बिल्डिंगा बाहेरून पुसल्या. आई म्हणते, "ह्याचं बूड म्हणजे तापला तवा. टेकलं की उठलाच." कुठेही लागलो की चार महिन्यांनी पाय खाजवायला लागतात. इथे टिकलो कारण इथून चालत कुठे जाता येत नाही. आणि अशा माणसाने जन्मात एकच जबाबदारी घेतली, ती अशा जिवाची की जो जागेवरून हलू शकत नाही. त्याचंच हे पुढचं कलम आहे आणि त्याच्याचसाठी हा सगळा कागद.

कलम ५. नीरफणस. आमच्या चाळीच्या चौकात, नळाच्या डाव्या अंगाला, नीरफणसाचं झाड आहे. ज्याने पाहिलं नाही त्याच्यासाठी लिहितो. फणसाचाच भाऊबंद, पण फळ नारळाएवढं, हिरवं, आणि आत गरे नाहीत, सगळा पांढरा मगज. पान एवढं मोठं आणि बोटं फुटलेलं की त्यात दोन माणसं जेवतील. वाळलं पान खाली पडतं तेव्हा वरच्या माळ्यावरून कोणीतरी पापडाची पिशवी टाकल्यासारखा आवाज होतो. इथे आल्यावर पहिले कितीतरी दिवस मी त्या आवाजाला दचकून जागा व्हायचो, आणि इथे पानं कुठली, झाडं कुठली. गेटवर पाइपाने पाणी पाजलेली खजुराची चार आहेत. त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. समुद्र आहे, तोच आपला समुद्र, माहीमला लागतो तो. पण ह्या काठाला त्याने काही लावलेलं नाही.

झाड माझे आजोबा दत्ताराम राऊळ यांनी लावलं. गिरणी बंद पडली तेव्हा ते वेंगुर्ल्याकडे गावी गेले, तिथे त्यांना करमलं नाही, परत आले. येताना ओल्या गोणत्यात गुंडाळून हे रोप आणलं. नीरफणसाला बी नसते. मुळाला कोयत्याचा चरा पडला की त्या जखमेतून नवं रोप वर येतं. म्हणजे गावच्या झाडाला जखम करून हे आणलं. ते लावलं त्याच वर्षी मी जन्मलो.

मी दहा वर्षांचा होईपर्यंत झाडाने फळ धरलं नाही. पिवळे लांब तुरे यायचे, मांजराच्या शेपटीएवढे, आणि गळून पडायचे. चाळ म्हणायची, वांझ आहे, धरलेलं टाकतं. ते नराचे तुरे, ते गळायचेच असतात, हे कोणाला माहीत नव्हतं. आजोबांनाही नसावं, कारण त्यांनी मग गावचा उपाय काढला.

आमच्याकडे पद्धत अशी की झाड फळत नसेल तर ग्रहण लागलेलं असताना एकाने हत्यार घेऊन त्याच्यापुढे उभं राहायचं, बुंध्यावर मारायचं आणि विचारायचं, धरणार की नाही, नाहीतर तोडतो. दुसऱ्याने झाडाच्या वतीने जबाब द्यायचा, धरेल, सोडा त्याला, मी जामीन. विचारणारा आणि जामीन एकच माणूस चालत नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारचं सूर्यग्रहण होतं. सगळी चाळ दारं लावून आत. जबाब द्यायला शेजारच्या सुंदराबाई यायच्या ठरल्या होत्या. पण त्यांच्या सुनेला दिवस गेलेले, ती ग्रहणात एकटी राहायला घाबरत होती, तिला धरून त्या आत बसल्या. आजोबा एकटेच चौकात. ऊन कसंतरी राखाडी झालेलं. त्यांनी कोयत्याची पाठ बुंध्यावर मारली आणि ओरडले, "धरतलंस काय नाय? नायतर आज तुका मुळासकट काढतंय."

कोणी बोललं नाही.

दुसऱ्यांदा मारलं, विचारलं. कोणी नाही. मी दाराच्या फटीतून बघत होतो, माझ्या पाठीमागे समोरच्या खोलीतली पोरगी, कादंबरी, होती, ग्रहण लागायच्या आधी खेळायला आलेली, आमच्याकडेच अडकलेली. ती तोंड दाबून हसत होती. आजोबांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा आवाज जरा फाटला. मला वाटलं आता हे खरंच तोडतील, कारण बोलून बसलेत. मी दार ढकलून बाहेर गेलो. "धरतलो, धरतलो. ह्या वर्सा सोडा तेका. मी जामीन."

आजोबांनी कोयता खाली घातला. मला म्हणाले, "आता तू गावलंस."

त्याच पावसाळ्यात झाड धरलं. ग्रहणाने धरलं की वयाने, ते झाडाला माहीत. पण आजोबांनी मला सोडलं नाही. जामीन म्हणजे नुसतं तोंडाने बोलायचं नाही, असं सांगून त्यांनी मला कामाला लावलं. सगळ्या खोल्यांतून मासे धुतलेलं पाणी गोळा करून बुंध्यापासून हातभर लांब गोल फिरवून घालायचं. बांगड्याचं सगळ्यात चांगलं. श्रावणात चाळ मासळी बंद करायची तेव्हा आजोबा म्हणायचे, झाडाचाही उपास आहे, मग तांदळाच्या धुवणावर भागवायचं. फळ झेल्याने काढायचं, म्हणजे बांबूच्या टोकाला सुरी आणि जाळी असते त्याने, खाली पाडायचं नाही. काढलं की देठ खाली करून उभं ठेवायचं, चीक निथळून जाईपर्यंत. मग हाताला तेल लावून कापा करायच्या, मीठ, मसाला, कोकमाचं आगळ लावायचं, तांदळाच्या पिठात घोळवून खोबरेल तेलात तळायच्या. पहिल्या फळाची काप गणपतीपुढे आणि मग प्रत्येक खोलीत एकेक. विकायचं नाही. पहिल्या माळ्यावर अप्पांच्याकडे द्यायला गेलो की ते म्हणायचे, "अरे, हे तर मासे खाल्ल्यासारखं लागतं." आणि दुसरी काप घ्यायचे. ते मासे खात नाहीत.

आजोबा गेले तेव्हा दवाखान्यात मला एवढंच म्हणाले, "मी विचारणारो होतंय. मी गेलंय तरी चलात. तू जाव नको." मी कुठे जातोय, असं मी म्हणालो होतो.

कलम ६. राजेश. राजेश माझा चुलतभाऊ, त्याच चाळीत मागच्या बाजूला राहतो, मालाचा टेम्पो चालवतो, आणि चाळ कमिटीचा सेक्रेटरी आहे. त्याचं आणि माझं जे आहे ते लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी तिखटमीठ लावणार नाही.

तो टेम्पो झाडाखाली लावतो. सावली असते म्हणून. एका ऑगस्टात पिकलेलं फळ त्याच्या काचेवर पडलं. पिकलेल्या फळाचा वास कसा असतो ते खाल्ल्याशिवाय कळत नाही आणि कळल्यावर खाववत नाही. आठवडाभर त्याच्या टेम्पोत कोणी माल भरेना. मी म्हटलं, पावसाळ्यात तिथे लावू नकोस. तो म्हणाला, "झाडाला सांग, माझ्यावर पडू नको."

मग तो सेक्रेटरी झाला आणि चौकात पेव्हर ब्लॉक बसवले. थेट बुंध्याला टेकवून. चौक चकाचक झाला, मासळीचं पाणी ओतायला बंदी आली, वास येतो म्हणून. त्या वर्षापासून झाडाने फळ टाकायला सुरुवात केली. लिंबाएवढं होतं आणि गळतं.

गेल्या मे महिन्यात मी सुट्टीवर होतो तेव्हा चौकात खुर्च्या टाकून मीटिंग झाली.

"तुझं झाड, आणि तू दुबईला," राजेश म्हणाला. "पानं आम्ही उचलायची, गटार आम्ही उपसायचं."

"दुबई नाही, ओमान."

"तेच ते रे. विमानानेच जातोस ना? फळ पण देत नाही आता. कमिटी महापालिकेत तोडायचा अर्ज टाकणार."

"बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढ, देईल."

"ब्लॉक काढले की चिखल. सुंदराबाई घसरल्या तर तू येणार ओमानवरून उचलायला?"

सुंदराबाई म्हणाल्या, मी कशाला घसरते, तूच घसरशील. लोक हसले. पण झाडाच्या बाजूने कोणी हात वर केला नाही, हे मी पाहिलं. कापा खाल्लेले सगळे तिथे बसले होते. मी म्हटलं, मी या झाडाचा जामीन आहे. ग्रहणाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. राजेश विचार करून म्हणाला, "ठीक आहे. जामीन आहे तोवर झाड उभं. आपण शब्द मोडणारे नाही. पण जामीन गेला की कमिटी मोकळी. मग आड कोणी यायचं नाही."

"लिहा," मीच म्हणालो. अप्पांनी लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. 'गेला की' म्हणजे फार लांबचं असतं असं मला वाटत होतं. भिवालाही वाटत असणार.

तर आता परिस्थिती अशी आहे की मी आहे तोवर ते झाड आहे. ते उभं आहे की नाही हे मला रोज विचारावं लागत नाही, मी सकाळी उठलो की ते आहे. पण मी उठलो नाही तर त्या दिवशी दोघं जाणार.

कलम ७. जामीनकी. मला वाटलं होतं, हे इस्टेटीसारखं कोणाच्या तरी नावावर करता येईल. म्हणून तर कागद करायला घेतला. पण आजोबा सांगायचे, "जामीन कोण कोणाक करूक शकणा नाय. आपल्या तोंडान बोलाक होया." अप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "कायद्याचं सोड. पण जामीनकी वारसाने मिळाली असं मी तरी पाहिलेलं नाही."

आईला विचारलं. ती म्हणाली, "मी तुझ्या आधी जाणार. मला कसला जामीन करतोस? आणि असलं अभद्र परत बोलायला फोन करू नकोस. जेवलास काय?"

मग कादंबरीला विचारलं. ती आता हिंदमाताला साडीच्या दुकानात आहे, दिवसभर साड्या उलगडते आणि घड्या घालते. तिने दुकानातूनच फोन घेतला.

"एक विचारू?"

"पैसे सोडून काहीही."

"माझ्यामागे झाडाला जामीन राहशील?"

"तुझ्यामागे म्हणजे?"

"म्हणजे मी मेल्यावर."

समोर गिऱ्हाईक असावं. "ताई, हा पदर बघा, सुटा सोडला की खुलतो," असं ती कोणाला तरी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मरायचं ठरवलंयस का तू?"

"नाही गं. कागद करून ठेवतोय."

"मेलेल्या माणसाकडून मी काही घेणार नाही. जिवंत आहेस तोवर काय दिलंस ते बघ आधी."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"फोन केलास की पहिलं काय विचारतोस? पाणी घातलं का. मग? पालवी आली का. आठवण येते असं एकदा तरी म्हणालास?"

"तेच तर म्हणतो."

"मग तेच म्हण ना. झाड कशाला मध्ये घालतोस?"

तेवढ्यात शेठने तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

सबब कादंबरीला मी या कागदाने काही देत नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे, एवढी नोंद मात्र असावी. पाणी घातलं का असं मी जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा त्याचा अर्थ ती म्हणते तोच होता, अगदी पहिल्या फोनपासून. नोव्हेंबरात माझा करार संपतो. परत आलो तर हे कलम फाडून तोंडाने सांगेन. नाही आलो तर कागदावर आहे. ही वस्तू नव्हे, त्यामुळे तिने घ्यायला हरकत नसावी.

कलम ८. ब्लॉक. माझ्या पैशातून बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढून घ्यावेत, माणूस आडवा झोपेल एवढं गोल. निघालेले ब्लॉक सुंदराबाईंच्या दारापासून नळापर्यंत लावावेत, म्हणजे घसरण्याचा प्रश्न मिटला. नीरफणसाची मुळं वरवर असतात, पहारीने जोर लावू नये. माती भुसभुशीत करून वर त्याचाच पाचोळा पसरावा. मग मासळीचं पाणी. दोन पावसाळे थांबावं. झाडाला राग धरायला वेळ लागतो आणि सोडायलाही.

कलम ९. कोयता. आजोबांचा कोयता आमच्या पलंगाखाली गोणपाटात आहे. तो मी राजेशला देतो.

हे वाचून आईला धक्का बसेल, म्हणून कारण लिहितो. तौक्ते वादळ आलं त्या दिवशी झाडाची मोठी फांदी चिरली होती. मी तेव्हा केटरिंगवाल्यांच्या गोदामात अडकलो होतो. राजेशने टेम्पोचा माल बांधायचा दोर काढला, भर वाऱ्यात शिडी लावून फांदी खोडाला बांधली. त्यानंतर चार दिवस, माल बांधायला दोर नाही म्हणून, त्याचा टेम्पो उभा होता. हे त्याने मला सांगितलं नाही, मला सुंदराबाईंनी सांगितलं. ज्याला तोडायचं आहे आणि ज्याने बांधलंही आहे, विचारायचा हक्क त्याचाच. आजोबाही असेच होते.

कोयता देतो तो या अटीवर. माझ्यानंतर तोडायची वेळ आली तर महापालिकेचा कागद आला म्हणून परस्पर करवत लावायची नाही. राजेशने दिवसाउजेडी चौकात उभं राहावं, सगळी दारं उघडी असताना, क्रिकेटची मॅच नसताना. कोयत्याची पाठ बुंध्यावर मारावी, पातं नाही. आणि मोठ्याने विचारावं. मालवणी येत नसेल तर मराठीत विचारावं, झाड मुंबईत वाढलं आहे. तीनदा विचारावं आणि प्रत्येक वेळी थांबावं. घाई करू नये. लोकांना तोंड उघडायला वेळ लागतो, मला तिसऱ्या वेळेपर्यंत लागला होता.

जो कोणी बोलेल तो जामीन. लहान असो, मोठा असो, भाडेकरू असो की दुपारी पार्सल द्यायला आलेला असो. त्याला कलम ५ मधलं काम समजावून सांगावं आणि झेला द्यावा. तो जिन्याखाली खुंटीला आहे.

आणि कोणी बोललं नाही, तर पाडावं. मी मागे राहून कोणाला छळणार नाही. मुळाला चरा पाडून एखादं रोप गावी न्यावं असं अप्पा सुचवतात. ते मला नको. गावी त्याला कोण ओळखतं. हा नीरफणस चाळीच्या बांगड्यांच्या पाण्यावर वाढलेला आहे. तिथेच फळावा, नाहीतर तिथेच राहावा.

कलम १०. कागद बघायचं काम अप्पांनी करावं. त्यांनी कारणं गाळून वाचू नये.

एवढं लिहून मी हा कागद माझ्या दोन्ही खोलीसोबत्यांना हिंदीत वाचून दाखवला, कारण साक्षीदाराला मजकूर कळला पाहिजे. केरळचा सुकुमारन फळाचा आकार हाताने दाखवून म्हणाला, "कडचक्का?" त्यांच्याकडे हेच नाव आहे म्हणे. त्याच्या परसात दोन आहेत. बिहारचा रामसजीवन, त्याने हे झाड जन्मात पाहिलेलं नाही. तो कलम ९ वर अडला.

"और कोई नहीं बोला तो?"

"तो काट देंगे."

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "फोन पे चलेगा कि नहीं, ये तो तूने लिखा ही नहीं."

मी आजोबांच्या बाजूने विचार केला. आपल्या तोंडाने बोलायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तोंड कुठे असावं याबद्दल ते काही बोलले नव्हते. म्हणून सह्यांच्या आधी ही पुरवणी जोडतो, आणि ती मूळ कागदाइतकीच बंधनकारक समजावी.

पुरवणी. जबाब फोनवरूनही चालेल. मराठीतच हवा असं नाही. राजेशने तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर आणि चौकात कोणीच बोललं नाही तर, पातं फिरवण्याआधी खालच्या दोन नंबरांवर फोन लावावा. स्पीकर चालू ठेवावा. शुक्रवारी लावावा, शुक्रवारी दोघेही खोलीवर असतात.

लिहून देणार: धनेश दौलत राऊळ (सही)

साक्षीदार पहिला: सुकुमारन, मुक्काम सदर, सही मल्याळीत, खाली फोन नंबर

साक्षीदार दुसरा: रामसजीवन, मुक्काम सदर, सही हिंदीत, खाली फोन नंबर, आणि नंबराखाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: "घंटी दो बार मारना, मैं उठाऊँगा."

ठिकाण: लेबर कॅम्प, ओमान
तारीख: ३० जानेवारी २०२६